सुवर्णसौधचा रात्रीचा फोटो: घुमट पांढराफट्ट, आकाश काळंकुट्ट. काय करावं?

हिंडलग्याचा_हिंड्या (धागाकर्ता)

मंडळी, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की हलग्याजवळचा सुवर्णसौध (बेळगावचं विधानभवन) दिव्यांनी उजळतो, ते हायवेवरून जाता-येता बहुतेकांनी पाहिलं असेल. धारवाडकडून रात्री येताना तर आधी तोच दिसतो, बेळगाव नंतर. या डिसेंबरात त्याचा एक बरा फोटो काढायचा आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि वाऱ्याला दाद न देणारा ट्रायपॉड आहे. कॅमेरा ऑटोवर ठेवला की घुमट आणि खांब जळतात, तपशील नावाला उरत नाही. उजेड कमी करावा तर आजूबाजूचं सगळं गडप. दिवे रंग बदलत असतील तेव्हा तर कुठला आकडा धरावा तेच कळत नाही.

किती वाजता जावं, कुठून काढावा, आकडे काय ठेवावेत? आणि रात्री काढण्यासारखी बेळगावात दुसरी कुठली इमारत असेल तर तीही सुचवा.

कुंदाप्रेमी

पहिला! ट्रायपॉड आहे म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं जाणकार सांगतील. मी वाचायला बसलोय.

तिसरा_पाय

हिंड्या, तुमची अडचण कॅमेऱ्याची कमी आणि घड्याळाची जास्त आहे. लोक 'रात्रीचा फोटो' म्हणून जेवून-खाऊन नऊ वाजता निघतात. तोवर आकाश पूर्ण काळं झालेलं असतं. इमारतीवर झगझगीत दिवे आणि मागे काहीच नाही, एवढा फरक कुठलाच सेन्सर एका फोटोत सांभाळत नाही. त्यात कॅमेऱ्याचा मीटर त्या काळ्या आकाशाला बघून समजतो की उजेड कमी आहे, आणि एक्स्पोजर (आत घ्यायचा प्रकाश) वाढवून ठेवतो. घुमट जळतो तो त्यामुळे.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. तिथे साडेपाचलाच पोचा, जागा ठरवा, ट्रायपॉड लावा. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा मिनिटांनी आकाश गडद निळं व्हायला लागतं. तिथून पुढची पंधरा-वीस मिनिटं आकाशाचा उजेड आणि इमारतीवरचे दिवे जवळपास एका पातळीवर येतात. फोटो तेव्हाच. परदेशी लेखांत 'ब्लू अवर' म्हणजे तासभर निवांत वेळ असल्यासारखं लिहितात, ते त्यांच्याकडचं. तिकडे उत्तरेला सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो. आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे निळाई भराभर संपते. चहा प्यायला गेलात की हुकली.

आकडे: मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), शटर २ ते ४ सेकंदांपासून सुरू करा आणि स्क्रीनवर बघून कमी-जास्त करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हलणार नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून खांबाच्या कडेवर हाताने धरा आणि मग ऑटोफोकस बंद करून टाका. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

निपाणी_नाका

>> चहा प्यायला गेलात की हुकली

बेळगावच्या डिसेंबरात संध्याकाळी चहा न पिता उभं राहायचं? या धाग्याचा निषेध.

शहापूरचा_सुम्म्या

काय ओ हिंड्याभाऊ, एवढा का इचार करूलालाईसा? मी गेल्या वर्षी मोबाइलनं काढलो की. नाईट मोड लावलो, गाडीच्या टपावर मोबाइल टेकवून ठेवलो, झालं काम. स्टेटसला लावलो तर भैनीच्या सासरकडनं बी लाइक आलेत बगा.

तिसरा_पाय

सुम्म्या, तुझं चूक नाही. नाईट मोड एकापाठोपाठ अनेक फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो, म्हणून मोबाइल टेकवलेला असला की काम फार छान होतं. दोनच गोष्टी बघ. इमारतीच्या सगळ्यात झगझगीत भागावर बोट टेकव आणि बाजूला जे सूर्याचं चिन्ह दिसतं ते खाली ओढ. आणि ०.५ वाली रुंद लेन्स रात्री वापरू नकोस. बऱ्याच फोनांत ती मुख्य लेन्सपेक्षा अंधारात कमी पडते.

सीमेवरचा_माणूस

धागा वाचून वाईट वाटलं. ११ ऑक्टोबर २०१२ ला ज्या इमारतीचं उद्घाटन झालं ती इथे का उभी केली हे इथल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी आपली माणसं एकीकरण समितीच्या महामेळाव्याला निघतात आणि वाटेत अडवली जातात. २००४ पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि आपण तिचा फोटो कुठल्या कोनातून चांगला येईल याची चर्चा करतोय? मी त्या दिव्यांकडे बघतसुद्धा नाही.

शहापूरचा_सुम्म्या

लाइटबिल आपल्याच ट्याक्सातनं भरतेत न्हवं? मग बगायला काय जातंय. पैसा वसूल करा की.

खानापूरकर

सीमेवरचा_माणूस यांच्या भावनेला मान देऊन थोडं वेगळं मांडतो. माझे वडील महामेळाव्याला जायचे, मीही गेलोय. मला त्या इमारतीचा फोटो काढावासा वाटतो तो कौतुकापोटी नाही. चार पिढ्या ज्या प्रश्नात गेल्या त्याचं ते दगडी रूप आहे, आणि वर्षातले बहुतेक दिवस तिथे फारसं काही चालत नाही. कौतुक म्हणून काढलेला फोटो आणि नोंद म्हणून काढलेला फोटो यांत फरक असतो. मी तर म्हणेन, समोरच्या उसाच्या किंवा भाताच्या शेतातून काढा. आधी काळोखं शिवार आणि मागे तो झगमगाट. शेतकऱ्याला विचारून मात्र. त्या चौकटीत जे सांगायचं ते न बोलता येतं.

सीमेवरचा_माणूस

खानापूरकर, शिवारातून काढणार असाल तर एकवेळ पटतं. तरी मी नाही येणार.

व्यवस्थापक

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, तो अठरा पानं झालाय आणि अजून वाहतोय. इथे फोटोग्राफीपुरतं ठेवूया. खानापूरकरांचा प्रतिसाद विषयाला धरून आहे म्हणून राहू देत आहे.

मुंबईचा_पाहुणा

आमच्या सीएसएमटीसमोर या. १८८८ ची इमारत, फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. रोषणाई झाली की नजर ठरत नाही. बेळगावात असं काही आहे का?

कुंदाप्रेमी

आलं मुंबईचं विमान.

निपाणी_नाका

सांबऱ्याला उतरवा, तेवढी तरी वर्दळ वाढेल. ह.घ्या. (हलके घ्या)

जुना_स्टुडिओवाला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. फिल्मच्या काळात माझा स्टुडिओ होता. गणपतीच्या रोषणाईचे, लग्नाच्या मांडवांचे, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांचे रात्रीचे फोटो पुष्कळ काढले. आता नातू मोबाइलवर जे तीन सेकंदांत करतो त्याला आम्हाला रात्र जायची, आणि आलं की नाही ते धुतल्यावर कळायचं.

तेव्हाची भानगड वेगळी होती. फिल्मला लांब एक्स्पोजर दिलं की तिची संवेदनशीलता घसरायची, म्हणजे हिशेबाने आठ सेकंद आले तर प्रत्यक्षात पंधरा-वीस द्यावे लागायचे. आम्ही मनात आकडे मोजायचो. रस्त्यावर सोडियमचे दिवे आले तेव्हा सगळं शहर नारिंगी झालं. त्या दिव्यात जवळपास एकच रंग असतो, त्यामुळे कितीही फिल्टर लावा, पांढरी भिंत पांढरी व्हायचीच नाही. आताच्या एलईडीत ती कटकट नाही, पण दुसरी आहे. निळा आणि लाल एलईडी इतका भडक असतो की कॅमेऱ्याचा तो एकच रंग भरून सांडतो. स्क्रीनवर फोटो ठीक दिसतो, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, आणि घरी येऊन बघावं तर निळ्या प्रकाशातला खांब म्हणजे नुसता सपाट निळा पत्रा. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून बघत जा. हा पर्याय बहुतेक कॅमेऱ्यांत असतो, कुणी उघडत नाही.

लेन्सवर संरक्षणाची काच बसवलेली असते ना, ती रात्री काढून खिशात ठेवा. दिव्यांचं प्रतिबिंब तिच्यात पडून फोटोत उलट्या बाजूला हिरवे ठिपके येतात. लोक मग भूत आलं म्हणून पाठवतात मला.

तिसरा_पाय

दंडवत. तिन्ही रंगांच्या हिस्टोग्रामचा मुद्दा मी विसरलोच असतो.

रंग बदलणाऱ्या दिव्यांचं तेवढं सांगून टाकतो, कारण धाग्यात तो प्रश्न होता. केशरी, पांढरा, हिरवा असे दिवे पाळीपाळीने येत असतील आणि तुम्ही आठ सेकंद शटर उघडं ठेवलंत, तर सगळे रंग एकमेकांत मिसळून गढूळ पिवळं काहीतरी मिळतं. अशा वेळी लांब एक्स्पोजरचा मोह सोडा. आयएसओ ८०० करा, एफ/५.६ ठेवा, शटर पाव सेकंदाच्या आसपास येईल. एकच रंग पकडता येतो. फोटो थोडा दाणेदार झाला तर झाला. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कुठला धरायचा ती सेटिंग) ऑटोवर मुळीच नको, तो दर फोटोला नवीन मत मांडतो. ४००० केल्विनच्या जवळ ठेवून द्या आणि घरी ठरवा.

शटर फार वेगवान केलंत तर मात्र दुसरा त्रास. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० पेक्षा जलद गेलात की एका फोटोत उजेड जास्त, दुसऱ्यात कमी, कधी पट्टे.

गणेशपूरची_गौरी

किती छान माहिती! वाखूसा (वाचनखूण साठवली). मला एक विचारायचं होतं: त्या फोटोंत दिव्यांना जे तारे येतात ते कसे? फिल्टर लावतात का?

जुना_स्टुडिओवाला

गौरीताई, फिल्टर मिळतो, पण गरज नाही. लेन्सचं छिद्र लहान करा, एफ/११ किंवा एफ/१६. छिद्र बनवणाऱ्या पात्यांच्या कडांवरून प्रकाश पसरून तारा होतो. लेन्समध्ये पाती सम असतील तर तितकीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. सहा पात्यांची लेन्स सहा टोकांचा तारा देते, सात पात्यांची चौदा टोकांचा. एफ/२२ वर मात्र जाऊ नका, तारा येईल पण इमारत मऊ पडेल.

सांबरा_रनवे

ड्रोन उडवला तर? वरून घुमट काय दिसेल!

तिसरा_पाय

अधिवेशनाच्या काळात तर नावच काढू नका. एरवीसुद्धा सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं ठाणं आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आधी सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा कुठला पट्टा आहे ते बघायचं. हिरवा नसेल तर परवानगी लागते. २५० ग्रॅमच्या आतला आहे म्हणून काही चालतं असं नाही. तुमचं टोपणनावच सांबरा_रनवे आहे, पोलिसांना शोधायला सोपं जाईल.

खानापूरकर

जमिनीवरसुद्धा अधिवेशनाच्या दिवसांत जपून. आसपास जमावबंदी लागू होते (पूर्वी कलम १४४ म्हणायचो, २०२४ पासून नव्या संहितेतलं १६३). जागोजागी बॅरिकेड, बंदोबस्त, आंदोलनांचे तंबू. ट्रायपॉड उभा केला की तुम्ही पत्रकार तरी किंवा संशयित तरी. एकदा बंदोबस्तावरच्या एका हवालदारांनी "इल्लि फोटो तगीब्याड्री" म्हणून मला हटवलं. मी सामान आवरायला लागलो, तेवढ्यात त्यांनी कॅमेऱ्यात डोकावून फोटो बघितला, आणि "नंदू ओंद तगीरी" म्हणून टोपी नीट केली. त्यांचाही काढला. मग दहा मिनिटं मिळाली.

माझ्या मते अधिवेशन सुरू होण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस उत्तम. दिव्यांची चाचणी चालू असते आणि गर्दी नसते.

मुंबईचा_पाहुणा

पण कायद्याने इमारतीचा फोटो काढायला बंदी असते का? आयफेल टॉवरचा रात्रीचा फोटो विकता येत नाही म्हणतात.

वकीलसाहेब_टिळकवाडी

आयफेलचं असं की १८८९ चा मनोरा स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलाय, पण त्याच्यावरच्या रोषणाईवर हक्क सांगितला जातो, म्हणून रात्रीच्या फोटोच्या व्यावसायिक वापराला तिथे परवानगी मागतात. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट आहे की वास्तूचा फोटो काढणं किंवा छापणं हे उल्लंघन नाही. पण हा स्वामित्वहक्काचा भाग झाला. सुरक्षेचे नियम वेगळे. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या परिसरात किंवा लष्करी फलक लावलेल्या ठिकाणी ट्रायपॉड काढून कलम ५२ म्हणून दाखवू नका. मी जामिनाला येणार नाही.

निपाणी_नाका

साहेब, फी किती?

वकीलसाहेब_टिळकवाडी

एक किलो कुंदा. आगाऊ.

म्हैसूरवासी_बेळगावकर

नोकरीमुळे म्हैसूरला असतो. धागा वाचून राहवलं नाही. इथल्या राजवाड्यावर जवळपास ९७ हजार बल्ब आहेत, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी थोडा वेळ लावतात. तिथला हिशेब सुवर्णसौधच्या उलटा आहे. सुवर्णसौधवर खालून झोत टाकलेले, म्हणजे भिंत उजळते. राजवाड्यावर भिंत अंधारातच राहते आणि बल्बांनी कमानी, मनोरे नुसते रेखलेले असतात. म्हणून एक्स्पोजर थोडं जरी जास्त झालं तरी बल्ब सुजून एकमेकांना चिकटतात आणि रेष जाड होते. कमी ठेवायचं, प्रत्येक बल्ब सुटा दिसला पाहिजे.

दुसरी गंमत वेळेची. दिवे सातच्या सुमाराला एकदम लागतात. डिसेंबरात सूर्य सहाला बुडालेला असतो, त्यामुळे मागे काळं आकाश. जूनमध्ये इथे सूर्यास्त पावणेसातच्या पुढे असतो, म्हणजे दिवे लागतात तेव्हा आकाश नुकतं निळं व्हायला लागलेलं. सगळे दसऱ्याला गर्दी करतात. फोटोसाठी जूनचा रविवार, पाऊस थांबला असेल तर. फरशीवर पाणी साचलं असेल तर सगळा राजवाडा खालीही दिसतो.

हिंडलग्याचा_हिंड्या

अरे वा, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे सुवर्णसौधचे दिवे जर साडेसात-आठला लावत असतील तर डिसेंबरात निळं आकाश मिळणारच नाही?

तिसरा_पाय

मिळेल, पण दोन फोटोंतून. ट्रायपॉड सव्वासहाला लावा, निळ्या आकाशाचा एक फोटो घ्या. मग कॅमेऱ्याला हात न लावता थांबा. दिवे लागले की दुसरा. घरी पहिल्याचं आकाश, दुसऱ्याची इमारत.

जुना_स्टुडिओवाला

हे मला पटत नाही. सहाचं आकाश आणि आठचे दिवे असा क्षण कधी झालाच नाही. छान दिसेल, पण तो फोटो म्हणून दाखवू नये.

तिसरा_पाय

तुम्हीही फिल्मवर दोनदा एक्स्पोजर देतच होता की, त्याच फ्रेमवर. दिवाळीचे फटाके आणि देऊळ!

जुना_स्टुडिओवाला

देत होतो. आणि गिऱ्हाइकाला सांगत होतो.

गणेशपूरची_गौरी

दोघांचंही बरोबर. फोटोखाली एक ओळ लिहून टाकायची, वाद संपला.

तिसरा_पाय

संपला नाही, पण पुढे चला.

चन्नम्मा_सर्कल_सिग्नल

दुसरी इमारत कुठली, हा प्रश्न मागेच राहिला. रेल्वे स्टेशनची नवी इमारत, फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली, संध्याकाळी दिव्यांत बरी दिसते. आवारात ट्रायपॉड लावू देणार नाहीत, रस्त्यापलीकडून काढा. मला विचाराल तर किल्ल्याच्या तळ्यावर जा. ११० मीटरचा ध्वजस्तंभ आणि काठावरचे दिवे, वारा नसेल तर सगळं पाण्यात. ध्वज मात्र लांब एक्स्पोजरमध्ये हलून धुरकट होतो, त्याच्यासाठी वेगळा जलद फोटो घ्यावा लागतो. २०२४ च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीला सगळं शहर दिव्यांनी सजवलं होतं तेव्हा तर दर चौकात ट्रायपॉड दिसत होते.

खानापूरकर

आणि बेळगावातली खरी देखणी इमारत अंधारात. किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर), १२०४ ची, छतावरचं ते दगडी कमळ. रात्री तिथे जाता येत नाही, दिवसासुद्धा ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. दिवे कुठे लावायचे याचा निर्णय आपल्याकडे कधीच इमारत बघून होत नाही.

सीमेवरचा_माणूस

हे मात्र सोळा आणे खरं.

जुना_स्टुडिओवाला

हिंड्या, निघण्याआधी दोन गोष्टी. कॅमेरा वर वाकवून घुमट बसवू नका, खांब मागे कलल्यासारखे दिसतात. लांब जा, कॅमेरा सपाट ठेवा, खालची रिकामी जागा नंतर कापा. आणि हायवेच्या कडेला उभे राहणार असाल तर ट्रक गेला की जमीन हलते, ट्रायपॉडही. ट्रक जाऊ द्या, मग बटण. गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेषा हव्या असतील तर पंधरा-वीस सेकंद द्या, पण दुभाजकावर उभं राहून नको. सर्व्हिस रोडला भरपूर जागा आहे.

हिंडलग्याचा_हिंड्या

सगळ्यांचे आभार. ठरवलं: अधिवेशनाच्या आधीच्या शनिवारी, साडेपाचला तिथे. आधी खानापूरकरांनी सांगितलेलं शिवार, दिवे उशिरा लागले तर मग सर्व्हिस रोडवरून गाड्यांच्या रेषा. दोन फोटो जोडणार नाही, जे मिळेल ते. कुणी येणार का?

शहापूरचा_सुम्म्या

मी येतो की. मोबाइल टेकवायला तुमचा ट्रायपॉड मोकळा हाय का?

खानापूरकर

मी आहे. त्या शेतकऱ्याशी मी बोलून ठेवतो, ओळखीचे आहेत.

सीमेवरचा_माणूस

फोटो इथे टाका. शिवारातला.

नवीन_सदस्य_४७

नमस्कार, आत्ताच सभासद झालो. वरचं सगळं वाचायला वेळ नाही. रात्रीच्या फोटोला शटर किती ठेवायचं, कुणी एका ओळीत सांगेल का?

निपाणी_नाका

दोन ते चार सेकंद. चहा नंतर.